कुर्ल्याची लेक

दिवाळीत माहेरवाशिणी माहेरी जातात. आमच्या घरातली एक माहेरवाशीण यंदा दिवाळीच्या तोंडावरच माहेरच्या रस्त्याने जाऊन आली. तिचे वय पासष्टीच्या पुढे, वर्ण हिरवा (जिथे शिल्लक आहे तिथे), आवाज खर्जातला आणि नाव फार्गो. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९५८ साली ही पिकअप गाडी घेतली. मुलुंडला आमची जळाऊ लाकडांची आणि कोळशाची वखार होती. मुलुंड नुकते कुठे बृहन्मुंबईत सामील झाले होते. घरोघरी चुली आणि शेगड्या होत्या, आणि त्यांच्यासाठी लाकूडफाटा वाहण्याचे काम ही गाडी करी. आप्पा तिला 'कुर्ल्याची लेक' म्हणत.

त्याला कारण होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९४७ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ, फार्गो ही सारी त्याच क्रायस्लर घराण्यातली नावे. पुढे फियाट आली, तिची पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हटले की तीच डोळ्यांपुढे येऊ लागली. ती शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आमची फार्गो मात्र अजून अंगणात उभी होती.

उभी होती म्हणजे इंजिन चालू होते. तळ गेला होता. मागच्या हौद्याला खाली लाकडी फळ्या आणि दोन फळ्यांच्या मधून लोखंडी पट्टी, अशी तिची जुनी रचना. त्यातल्या तीन फळ्या भुसभुशीत झाल्या होत्या, एकीतून तर सरळ रस्ता दिसे. पुतण्याने निकाल देऊन टाकला, "काका, एक तर भंगारात द्या, नाही तर खाली चेकर प्लेट मारू. एका दिवसाचं काम!"

पत्रा मारायला माझी हरकत नव्हती. हरकत आप्पांची होती, आणि ते जाऊन पंधरा वर्षे उलटली होती. त्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येईना.

हे समजायला २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगावी लागेल. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे आता सर्वांना पाठ आहे. मी आप्पांना घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून याच गाडीतून घरी आणत होतो. विक्रोळीच्या पुढे गाडी पाण्यात अडली ती अडलीच. लोकल बंद पडल्या होत्या. माणसे छातीएवढ्या पाण्यातून ठाण्याच्या दिशेने चालली होती. आप्पांनी काच खाली केली आणि पहिल्याच बाईला हाक मारली, "अहो बाई, वर चढा, मूल भिजतंय!" मग कोण कोण चढले याचा हिशेब राहिला नाही. अंधार पडल्यावर मोजले तर मागे चोवीस माणसे उभी होती. रात्री पाणी फळ्यांच्या फटींतून वर आले आणि सगळ्यांचे घोटे भिजले. कोणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला, तो चोवीस जणांत फिरला आणि पुन्हा आप्पांपर्यंत आला तेव्हा त्यात दोन बिस्किटे उरली होती. पहाटे पाणी ओसरले तशी माणसे एकेक उतरून गेली. नावेसुद्धा विचारायची राहिली.

फळ्यांत मुरलेले ते पाणी काही गेले नाही. लोखंडी पट्ट्यांच्या खाली ओल धरून राहिली आणि तिथूनच कूज लागली. आप्पा दर पावसाळ्यानंतर खाली वाकून नख रुतवून बघत आणि म्हणत, "फळी गेली तर फळी बदलता येते. पण घालाल ती फळीच घाला." त्यांच्या हयातीत मी ते काम उद्यावर टाकत गेलो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे ते खरे.

तेव्हा एका रविवारी सकाळी सातला आम्ही काका-पुतणे निघालो. लाकडासाठी जोगेश्वरीचा ओशिवरा गाठायचा होता. पण वाट मुद्दाम वाकडी करून कुर्ल्यावरून धरली. माहेर दाखवायचे होते ना! आग्रा रोडला आता लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर ही आमची जुनी स्टेशने त्या रस्त्यावर एकापाठोपाठ येत गेली. कारखान्यांच्या भोंग्यांवर जिथे घड्याळे लावली जात तिथे आज काचेच्या इमारती आहेत. कुर्ल्याला पोहोचलो. कारखान्याच्या जागी उंच उंच घरे उभी आहेत. उरले आहे ते रस्त्याचे नाव, प्रीमियर रोड. गाडी पाच मिनिटे कडेला उभी केली. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काका, विकायची आहे का?" पुतण्या माझ्याकडे बघून हसला. मी म्हटले, "नाही हो, माहेरी आणली आहे." तो काय समजला कोण जाणे, पण बॉनेटवर हात फिरवून गेला.

पुढे जरीमरी, साकीनाका करत अंधेरी. डोक्यावरून घाटकोपर-वर्सोवा मेट्रो धावत होती आणि खाली आम्ही ताशी पंधराच्या वेगाने. दोघींत फारसा फरक नव्हता असे मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात तिसरी मेट्रो पुढे निघून गेली.

ओशिवऱ्याचा बाजार गृहिणींना ठाऊक असतो तो जुन्या फर्निचरसाठी. पाडलेल्या वाड्यांची आणि चाळींची दारे, खिडक्या, तुळया तिथे येऊन पडतात. एका दुकानदाराने गिरगावातल्या चाळीची म्हणून एक ब्रह्मी सागाची तुळई दाखवली. मिस्त्रींनी ती आधी ठोकून पाहिली, मग खिशातून लोहचुंबक काढून सगळ्या अंगांवरून फिरवले. जुन्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात आणि करवतीचे दात एका खिळ्याने जातात. "लाकूड आटलेलं आहे," ते म्हणाले, "आता याला वाकायची हौस राहिलेली नाही." ताजे लाकूड सुकताना वळते, फाटते. पन्नास-साठ वर्षे छपराखाली काढलेल्या तुळईचे ते सगळे आधीच होऊन गेलेले असते. शिवाय सागाच्या अंगातच तेल असते, त्यामुळे ओलीला आणि वाळवीला तो सहजी दाद देत नाही.

पुतण्याने अजून चेकर प्लेट सोडली नव्हती. मिस्त्रींनी त्याला गाडीखाली बोलावले. "ही आपली खारी हवा. पत्र्याखाली पाणी बसलं की आतून गंज धरतो, वरून कळतसुद्धा नाही. आणि पत्रा सडला की सगळा काढावा लागतो. फळी एकेक निघते."

आठ दिवस गाडी त्यांच्या शेडमध्ये होती. मी तीनदा जाऊन आलो. काम दिसते तसे सोपे नाही. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण पावसाळ्यात रुंदीत फुगते. म्हणून फळ्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत, मध्ये जागा सोडायची. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना रंध्याने खाच पाडायची. त्या खाचेत लोखंडी पट्टी बसते, बोल्ट पट्टीतून खालच्या आडव्या तुकड्यांत जातात, आणि फळी पट्टीखाली धरलेली राहूनही फुगायला मोकळी असते. सामान ओढताना ते पट्टीवरून सरकते, लाकूड खरवडत नाही. अमेरिकेत जुन्या पिकअपना अशाच पाइनच्या नाही तर ओकच्या फळ्या असत, आणि हौशी लोकांना तिथे फळ्यांचा तयार संच टपालाने मिळतो. आमच्याकडे मिस्त्री होते. बसवण्याआधी त्यांनी प्रत्येक फळीला सहाही बाजूंनी जवसाचे तेल पाजले, टोकांना तर दोनदा. "पाणी टोकातून शिरतं. वरून चकचकीत आणि खालून कोरडी ठेवली की दोन पावसाळ्यांत काम संपलं."

शेवटच्या दिवशी त्यांनी काढलेल्या जुन्या फळ्या पुढे ठेवल्या. सडलेल्या तीन बाजूला, आणि मधली एक शाबूत. तिच्यावर लाकडांच्या ओंडक्यांचे ओरखडे होते आणि पट्टीच्या गंजाची काळी रेघ होती. "ही परत बसवू का?" त्यांनी विचारले. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "बसवा. आजोबांच्या जागेवर बसवा." म्हणजे केबिनच्या मागच्या काचेखालची जागा. त्या रात्री आप्पा तिथूनच मागे वळून सगळ्यांची विचारपूस करत होते. पुतण्या तेव्हा सहा वर्षांचा होता. ही गोष्ट त्याने ऐकली असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

तेव्हा आता तळाला सात फळ्या आहेत, सहा गिरगावच्या आणि एक आमची. परतताना पवईवरून आलो. वाटेत वहिनींचा फोन, "येताना फुलं आणि ऊस घेऊन या, गाडी आहेच!" नव्या फळ्यांवर पहिला माल चढला तो झेंडूचा.

कागदपत्रांची आणि आरटीओची कथा मोठी आहे, ती पुढच्या दिवाळीला. आधी एक पावसाळा जाऊ दे. मग आप्पांसारखे खाली वाकून नख रुतवून बघायचे आहे. पुतण्या म्हणतो, ते काम तो करील. माझी पाठ आता वाकत नाही.