हेल्मेटच्या आत कोण?

यंत्रमानवांच्या एका सात पानी चित्रकथेने आम्हां दोघांना काही वर्षांपूर्वी चांगलेच ओशाळे केले. ही गोष्ट आम्ही आजवर एकमेकांखेरीज कोणाशी बोललो नव्हतो.

‘जजमेंट डे’ ही ती कथा. अल फेल्डस्टीन यांचे लेखन आणि जो ऑर्लँडो यांची चित्रे असलेली ही कथा १९५३ साली ‘वियर्ड फँटसी’ या अमेरिकन कॉमिकच्या अठराव्या अंकात आली. टार्लटन नावाचा पृथ्वीवरील निरीक्षक सिब्रिनिया ग्रहावर उतरतो. तेथे वस्ती फक्त यंत्रमानवांची. आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात सामील होण्यास हा ग्रह पात्र आहे काय, हे त्याने ठरवायचे आहे. नारिंगी यंत्रमानव मोठ्या अभिमानाने त्याला आपला कारखाना दाखवतात. पुढे त्याच्या ध्यानात येते, की निळ्या यंत्रमानवांची वस्ती निराळी आहे आणि बसमध्ये त्यांची जागा मागे आहे. दोघांची आतील यंत्रणा एकच. फरक वरच्या पत्र्याच्या रंगाचा आणि त्यानुसार मिळणाऱ्या शिकवणीचा. टार्लटन प्रवेश नाकारतो. मात्र पृथ्वीही एके काळी अशीच होती, तेव्हा आशेला जागा आहे, असा दिलासा देऊन तो यानात परततो आणि हेल्मेट काढतो. अखेरच्या चौकटीत दिसतो तो एक काळा माणूस.

अमेरिकेच्या शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अद्याप एक वर्ष दूर होता. १९५६ च्या आरंभी हीच कथा ‘इनक्रेडिबल सायन्स फिक्शन’मध्ये पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कॉमिक्सच्या आचारसंहितेचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी नायक काळा असण्यावरच हरकत घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स हटले नाहीत. कथा होती तशीच छापली गेली. एवढ्या यंत्रमानवांत आक्षेपार्ह ठरला तो एक माणसाचा चेहरा!

तथापि आमचे ओशाळणे निराळ्या कारणाचे. ती चौकट पाहताच आम्ही दोघांनीही पाने उलटून पुन्हा आरंभ गाठला. लेखकाने आपल्याला फसवले, असा आमचा वहीम होता. फसवणूक कोठेच नव्हती. टार्लटनचा चेहरा आधी एकदाही दाखवलेला नाही. त्या काचेमागे गोरा चेहरा बसवला होता तो आम्हीच. आणि आम्ही कोण? एम.ए.च्या वर्गाला दलित साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवणारे!

मग आमच्याच अध्यापनाकडे वळून पाहणे भाग पडले. मराठी कथेतील निवेदकाचे आडनाव दिलेले नसते, तेव्हा आम्ही त्याला कोणत्या घरात, कोणत्या आळीत, कोणत्या बोलीत कल्पितो? तो ‘सर्वसामान्य मध्यमवर्गीय’ असतो, असे आम्ही वर्गात सांगत आलो. हा सर्वसामान्य माणूस नेमक्या कोणत्या जातीचा, हे मात्र आम्ही स्वतःला कधी विचारले नव्हते. ज्याची जात सांगावी लागते तो ‘दलित नायक’ आणि ज्याची सांगावी लागत नाही तो नुसता ‘नायक’, ही विभागणी लेखकांच्या आधी आमच्या वाचनात होती.

पुढील वर्षी आम्ही ती कथा शेवटच्या चौकटीविना वर्गात वाचून दाखवली आणि टार्लटनचे वर्णन दोन ओळींत लिहायला सांगितले. बहुतेकांचे हात भराभर चालू लागले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने मात्र कागद कोरा ठेवून विचारले, “मॅडम, टार्लटन म्हणजे कोण?”

वर्ग हसला. आडनाव ऐकल्यावर ‘म्हणजे कोण?’ हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात, हे सर्वांनाच ठाऊक होते. मग हसू हळूहळू ओसरले, कारण तिने तो तसा विचारला नव्हता. तिला खरोखरच ठाऊक नव्हते आणि ठाऊक नसताना चेहरा काढायला ती तयार नव्हती.

त्या तासाला आम्ही पुढे फारसे काही शिकवले नाही. तो कोरा कागद आम्ही मागून घेतला. अभ्यासपत्रिकेच्या टिपणवहीत तो आजही पहिल्या पानाआधी ठेवलेला आहे.