पाव किलोचा घड आणि १०० टेरावॅट

आमच्या पिंपळगावातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. मुंबईच्या टोकाला, कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्था; उलट दिशेला इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. दोन्हीकडे घन पदार्थावर प्रचंड तीव्रतेचा लेसर मारून त्याचा क्षणात प्लाझ्मा करतात. एकाच रस्त्यावर या दोन प्रयोगशाळा, आणि मधे आमचे कांद्याचे ट्रॅक्टर. मला याचं फार अप्रूप वाटतं.

*

अकरावीच्या वर्गात हिशेब मांडला. १०० टेरावॅटचा लेसर, स्पंद २५ फेमटोसेकंदांचा. गुणाकार केला की अडीच जूल. द्राक्षाचा पाव किलोचा घड क्रेटमधून मीटरभर वर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. पोरांचा विश्वास बसेना, पुन्हा मांडला. २०२४ च्या मे महिन्यात देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. १०० टेरावॅट म्हणजे त्याच्या ४०० पट, पण स्पंदाच्या तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम साडेसात मायक्रॉन सरकतो. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा.

*

असा स्पंद थेट वाढवत नेला तर यंत्रातली काचच फुटेल. म्हणून आधी तो ताणून लांब करायचा, मग वाढवायचा, शेवटी पुन्हा आवळायचा. स्ट्रिकलँड आणि मुरू यांची ही १९८५ ची युक्ती. नोबेल २०१८ ला.

*

दाट प्लाझ्मात प्रकाश शिरतच नाही, हे कळलं तेव्हा मी थबकलो. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी एका घन सेंटिमीटरमध्ये १७ वर २० शून्यं इतके इलेक्ट्रॉन झाले, की तो तिथूनच माघारी फिरतो. घन पदार्थाच्या प्लाझ्मात त्याच्या शंभरेक पट इलेक्ट्रॉन असतात. मग ऊर्जा आत जाते कशी? उंबऱ्यावरच प्रकाश ती इलेक्ट्रॉनांच्या हाती देतो आणि ते आत धावतात. धावणारे इलेक्ट्रॉन म्हणजे विद्युतप्रवाह, आणि प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आलंच. जी. रवींद्र कुमार यांच्या कुलाब्याच्या गटाने गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेतल्या प्रेधिमन काव यांच्यासोबत २००२ मध्ये ते मोजलं: २.७ कोटी गाऊस, टिकलं सहा पिकोसेकंद. आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गाऊसहूनही कमी.

*

पृष्ठभागावर तांब्याचे नॅनोकण बसवले तर क्ष-किरण १३ पट वाढले, हेही त्याच गटाचं काम, २००३ चं. पुढे ई. कोलाय जिवाणूंचा थर देऊनही पाहिलं. लेसर तोच, पदार्थाचा फक्त वरचा पापुद्रा बदललेला.

*

खरी काळजी आगाऊ येणाऱ्या उजेडाची. मुख्य स्पंदाच्या पुढे त्याचा दहा लाखांश भाग जरी पोचला, तरी पृष्ठभाग आधीच वितळून वाफेचा ढग होतो आणि स्पंद त्या ढगावर आदळतो. वार झाला की तिथे खड्डा पडतो. पुढच्या वारासाठी कोरी जागा समोर आणावी लागते.

*

चुंबकीय क्षेत्राचे ते सहा पिकोसेकंद मोजायचे कसे? दुसरा, मंद स्पंद थोडा उशिरा पाठवतात. उशीर घडवायला आरसा मागे सरकवायचा. ०.१५ मिलिमीटर सरकवला, की जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर वाढतात, म्हणजे एक पिकोसेकंद.

प्रॅक्टिकलला एका मुलीच्या हातात स्क्रू गेज दिलं. एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. तिने हळूहळू मोजत ९० भाग फिरवले, ०.९ मिलिमीटर. तिला म्हटलं, त्या आरशाला एवढं मागे नेलंस, तर तुझा मंद स्पंद पोचेपर्यंत ते चुंबकीय क्षेत्र ओसरत आलेलं असेल. तिने गेज उलटं फिरवलं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागली.