जाम इंजिन आणि शंभर किलोमीटरचं वऱ्हाड

पुण्या-मुंबईच्या ऑफिसात 'अमरावती-अकोला' म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात : ऊन आणि कापूस. आता तिसरीही लक्षात ठेवा. रस्ता! जून 2022 मध्ये इथे लोणी ते मानादरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद थेट गिनीज बुकात झाली. आज हा राष्ट्रीय महामार्ग 53. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'सहा नंबर'. असला सही रस्ता, आणि गेल्या डिसेंबरात आठ दिवस मी त्यावर एसटीने हिंडत होतो. कारण ज्या गाडीसाठी गेलो होतो तिचं इंजिन जाम होतं.

गाडी मामांची. मूर्तिजापूरला, म्हणजे अमरावती आणि अकोला यांच्या मध्ये, त्यांच्या अंगणात उभी असलेली 2007 ची मारुती 800. लॉकडाऊनपासून हललीच नव्हती. आता मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिन्यातून दोनदा अकोल्याला डॉक्टरकडे जायचं, आणि त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. ऑफिसातल्या मित्रांचा फंडा क्लिअर होता : भंगारात दे, जुनी अल्टो घे, ईएमआय भर. मामांचं म्हणणं वेगळं. "विकून काय करतं बापा? मले काय मुंबईले जायचं आहे? अकोल्यापर्यंत नेलं तरी लय झालं."

हायवेवरच्या मिस्त्रींना घरी आणलं. मी लगेच विचारलं, "खर्च किती?" ते म्हणाले, "इंजिन जाम काहून झालं, थे आंधी पाहू. पैशाचं मंग बोलू, भाऊ."

हे 'काहून' फार महत्त्वाचं आहे, मंडळी. उभ्या उभ्या जाम झालेलं इंजिन आणि चालता चालता जाम झालेलं इंजिन, दोघांचं नशीब वेगळं. पहिल्यात बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. ते सुटू शकतं. ऑइल संपून जाम झालं असेल तर बेअरिंग क्रँकला धरतं. ऑइल काढलं की त्यात धातूची चमक दिसते. मग क्रँक घासणं, नवी बेअरिंग, सगळंच आलं. गरम होऊन बसलं असेल तर हेड वाकलेलं असू शकतं. आणि पुरात इंजिनने पाणी ओढलं असेल तर कनेक्टिंग रॉडच वाकतो.

मिस्त्रींनी स्टार्टरला हातही लावला नाही. जाम इंजिनला स्टार्टर मारणं म्हणजे चांगला पार्टही मोडून ठेवणं! आधी गाडी न्यूट्रलला घेतली, मग पट्टा काढून पाहिला. कधी कधी इंजिन ठीक असतं आणि अल्टरनेटरच अडकलेला असतो. इथे तसं नव्हतं. ऑइल काळं होतं, पण चमक नव्हती. मग तिन्ही प्लग काढून भोकांतून गंज सोडवणारं तेल ओतलं आणि म्हणाले, "आता चार दिवस तिले निजू द्या."

चार दिवस हातात. मी मूर्तिजापूर स्टेशनकडे गेलो. इथूनच शकुंतला सुटायची. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रज कंपनीने टाकलेली नॅरोगेज. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं. 1994 मध्ये ते काढून डिझेल जोडलं आणि गाडी पुढेही कित्येक वर्षं धावली. पण रूळ इतके थकले होते की ती सायकलच्या वेगाने जायची. शेवटी तीही थांबली. तिथे उभं राहून वाटलं, इंजिन बदलता येतं हो. खाली रूळ धड आहेत का, हे कोण बघणार?

म्हणून मी कारचे 'रूळ' तपासले. खालचा पत्रा गंजलाय का, ब्रेक कसे आहेत, कागद कुठवर आलेत. पत्रा ठणठणीत. कागदांची मात्र गंमत. 15 वर्षांपुढच्या कारची नोंदणी नव्याने करायची फी 1 एप्रिल 2022 ला 600 वरून 5,000 रुपये झाली होती. वर पर्यावरण कर, विमा, उशिराचा दंड. हे सगळं इंजिनच्या बिलात धरलं.

दुसरा पर्याय म्हणून अमरावती गाठली. जुन्या पार्टच्या दुकानात ओम्नीचं 796 सीसी इंजिन दिसलं, जातकुळी तीच. पण त्याने आयुष्यात काय भोगलं ते कोण सांगणार? शिवाय इंजिन बदललं की नवा नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो. गिला वडा खाऊन परत आलो.

पाचव्या दिवशी मिस्त्रींनी क्रँकच्या पुलीला लांब पान्हा लावला. आधी पाव फेरा, मग मागे, मग अर्धा... आणि सुटलं! मामा काहीच बोलले नाहीत, आत जाऊन चहा ठेवायला सांगून आले. कॉम्प्रेशन मात्र एका सिलिंडरला कमी भरलं. मग हेड खोललं, पोत्यात गुंडाळून एसटीने अकोल्याच्या लेथवर फेसिंगला नेलं. नव्या रिंगा, गॅस्केट, ऑइल, बॅटरी, टायर आणि कागद धरून हिशेब 38,000 च्या आसपास गेला. तेवढ्यात अशीच चालती 800 मिळालीही असती. पण तिचा इतिहास आम्हाला ठाऊक नसता, आणि हिचं इंजिन आम्ही आतून पाहिलं होतं. बोनसमधून पैसे दिले. क्रँक गेला असता तर मीच भंगारवाल्याला फोन लावला असता.

तुमच्याही गावी अशी एखादी गाडी उभी असेल, तर खर्चाआधी तीनच प्रश्न विचारा : जाम कशामुळे झालं, बाकीची गाडी धड आहे का, आणि रोज तिला जायचंय कुठे? मामींना महिन्यातून दोनदा अकोल्याला जायचं असतं. तेवढं ती नेते.