मिलिमीटरभर

आमच्या छावणीच्या फाटकावर ‘फोटो काढण्यास मनाई’ अशी पाटी आहे, आणि ती पाळायला लावणाऱ्यांपैकी मीही एक. त्यामुळे कॅमेऱ्याचा नाद असलेल्या फौजी माणसाची कायमची पंचाईत. बाहेर भूतानच्या डोंगरांवर ढग उतरलेले असतात आणि कॅमेरा कपाटात.

सध्या मुक्काम उत्तर बंगालमधल्या बिन्नागुडीला. लेकीचं बारावीचं वर्ष, म्हणून ती आणि बायको पुण्यात. इथे मी आणि न उघडलेल्या काळ्या पेट्या. पाऊस लागला की दिवसेंदिवस थांबत नाही. हवा इतकी दमट, की लेन्सच्या काचेवरसुद्धा बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात लेन्स ठेवाव्या लागतात. अशाच एका रविवारी ठरवलं, बाहेरचं नाही तर घरातलं टिपू.

साधन अगदी साधं. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स, आणि ती कॅमेऱ्यावर उलटी बसवायला एक स्वस्तातली रिंग. उलटी लेन्स जवळची वस्तू मोठी करून दाखवते. लेन्स जुनीच बरी, कारण तिचं अ‍ॅपर्चर हाताने फिरवता येतं. उजेड खिडकीतला, मध्ये बटर पेपर. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते, त्यामुळे फोकससाठी लेन्स फिरवण्यापेक्षा अख्खा कॅमेरा केसभर पुढेमागे करायचा. श्वास रोखून बटण दाबायचं. रेंजवर शिकलेलं इथे कामी आलं.

मग नादच लागला. मिठाचे दाणे म्हणजे छोटे छोटे चौकोनी ठोकळे निघाले. चहाची गाळणी विणलेल्या चटईसारखी. वर्दीवरच्या वेल्क्रोच्या एका पट्टीवर आकड्यांचं रान, दुसरीवर धाग्यांचे फासे. रोज हजारदा हाताखालून जाणाऱ्या या वस्तू मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

खरं तर बारकाईने बघायची सवय मला खडकवासल्याला लागली. बेल्टच्या बकलवरचा डाग, कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवल्यावर लागणारी धूळ. पण ती नजर चूक शोधणारी. नोकरीत ती उपयोगी पडली, घरात मात्र नाही. सुट्टीवर गेलो की पहिले दोन दिवस घराचं इन्स्पेक्शन व्हायचं. नळ का गळतोय, चपला रांगेत का नाहीत. लेक लहानपणी पेन्सिली चावायची. त्यावरून तिने माझी बरीच बोलणी खाल्ली आहेत.

परवा एका पेटीत तिची जुनी कंपासपेटी सापडली. आत दोन बोटांएवढी उरलेली, लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल. मागचं टोक चावलेलं. टेबलावर ठेवून फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा केला. रंग उडालेल्या लाकडावर इवल्या दातांचे ठसे ओळीने उमटले होते. मध्येच एका दाताएवढी जागा कोरी.

बायकोला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

“अरे, ही पहिलीतली असणार. तिचा पुढचा दात पडला होता ना तेव्हा.”

“कधी?”

“तू सियाचीनला होतास. तुला दाखवायचा म्हणून तिने तो काडेपेटीत जपून ठेवला होता. मग कुठेतरी हरवला. केवढी रडली होती.”

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी परतलो तोवर तिथे नवा दात आला होता, आणि मला दिसली होती ती फक्त चावलेली पेन्सिल.

त्यानंतर तिचे दहा-बारा फोटो काढले. एकात ती कोरी जागा बरोबर फोकसमध्ये आली, बाकी सगळं धूसर. तोच ठेवला.

लेकीला अजून पाठवलेला नाही. तिची परीक्षा चालू आहे. दिवाळीची सुट्टी मंजूर झाली तर प्रिंट आणि पेन्सिल, दोन्ही घेऊन जाईन. आणि कपाटावरून बोट फिरवायचं नाही, एवढं ठरवलंय.