देउस्कर मराठी की बंगाली?

दोस्तांनो, रत्नागिरीतलं लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान तुम्ही पाहिलं असेल. २३ जुलै १८५६ ही त्यांची जन्मतारीखही तोंडपाठ असेल. पण टिळकांविरुद्ध लिहायला नकार देऊन नोकरी सोडणारा एक मराठी संपादक बंगालात होता, हे ठाऊक आहे? मलाही शाळेत असताना ते नाव कधी कुणी सांगितलं नव्हतं.

ते होते सखाराम गणेश देउस्कर. त्यांचा जन्म १८६९ साली देवघरजवळचा. देवघर आज झारखंडात आहे, तेव्हा ते बंगाल प्रांतात होतं. घरात मराठी, बाहेर बंगाली, असंच ते वाढले. आधी शिक्षक झाले, मग ‘हितवादी’ या बंगाली पत्रात गेले. १९०४ साली त्यांचं ‘देशेर कथा’ हे पुस्तक आलं. आपल्या विणकरांचे माग का बंद पडले, देशातला पैसा बाहेर कसा जातो, हे त्यात आकडे देऊन सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. स्वदेशीच्या चळवळीतल्या पोरांनी ते पुस्तक अक्षरशः डोक्यावर घेतलं. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदीच घातली!

आता गंमत बघा. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या होत्या. तिकडच्या आया बाळाला झोपवताना अजूनही ‘बर्गी’ आल्याचं गाणं म्हणतात. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे आपलेच मराठे! अशा मुलखात देउस्करांनी शिवाजी महाराजांची ओळख करून दिली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. १९०६ च्या कलकत्त्यातल्या उत्सवाला तर स्वतः टिळक गेले.

१९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर ‘हितवादी’च्या मालकांना टिळकांवर टीका हवी होती. देउस्करांनी ती लिहिली नाही, राजीनामा दिला. १९१२ साली ते वारले.

मग ते मराठी की बंगाली? मला वाटतं, दोन्ही. बंगालीत लिहिलं म्हणून त्यांची मराठी आटली नाही. आणि घरी मराठी बोलले म्हणून बंगाल त्यांना परका झाला नाही.

आपल्या रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबं येतात. त्यांची मुलं आपल्याच शाळांत बसतात. घरी नेपाळी, वर्गात मराठी. एखाद्याचा ‘ळ’ चुकला की मागच्या बाकावरून खसखस पिकते. त्या मुलाला मग दिवसभर तोंड उघडावंसं वाटत नाही. तुमच्या वर्गात असा कुणी असेल, तर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा घेऊन बसा. तुमच्याकडे बाळाला झोपवताना काय म्हणतात रे, असं विचारा. आणि आपली अंगाई त्याला म्हणून दाखवा.