भिंत आपली, पऱ्या सगळ्यांचा

दिवाळीच्या आधी साफसफाई कोण करत नाही? पण तुमचं घर ओढा, नदी किंवा तलावाजवळ असेल, तर ते बाहेरून धुण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा. हे पाणी जाणार कुठे?

माझं आजोळ राजापूर तालुक्यात. जांभ्या दगडाचं घर, बाजूला गडगा आणि मागच्या उतारावर पऱ्या, म्हणजे आमच्या कोकणातला छोटा ओढा. चार महिन्यांच्या पावसानंतर भिंती, पायऱ्या सगळं शेवाळाने हिरवं-काळं होतं. आजी सत्तरी ओलांडलेली. त्या पायरीवरून तिचा पाय घसरला तर? म्हणजे शेवाळ काढायला तर हवंच.

गेल्या वर्षी मामाने टीसीएल पावडर आणि प्रेशर पंप आणायचं ठरवलं. "अर्ध्या दिवसात काम होईल," तो म्हणाला. आजी म्हणाली, "आणि ते पाणी माझ्या विहिरीत उतरलं तर?" विहीर पऱ्याच्या काठालाच आहे. खालच्या वाडीतली गुरंही त्याच पऱ्यावर पाणी पितात. मामाचं म्हणणं, "ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकतेच की!"

लिहिण्याच्या कामामुळे मला माहिती शोधायची सवय आहे. म्हणून दोघांनी न्यायनिवाडा माझ्यावर सोपवला.

मामाचं अर्धं खरं होतं. विहिरीत टीसीएल टाकतात, पण मोजून. आणि माणसाला चालतं ते माशांना चालतंच असं नाही. घरी फिशटँक असेल तर तुम्हाला माहीत असेल, नळाचं क्लोरीनचं पाणी थेट ओतलं तर मासे दगावू शकतात. भिंतीवर मारायचं मिश्रण तर त्याहून कितीतरी कडक असतं.

मग रिठा वापरू, आजीने सुचवलं. पण तोही पऱ्यात नको! रिठ्याला फेस आणणारं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. चुन्याचं पाणीही तसंच, खूप क्षारयुक्त. वस्तू नैसर्गिक असली म्हणजे ओढ्यात सोडायला सुरक्षित असते, असं नाही.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते.

परतीचा पाऊस थांबून तीन-चार दिवस कोरडे जाऊ दिले. मग भिंत आधी कोरडीच घासली, खराट्याने आणि काथ्याच्या ब्रशने. निघालेलं शेवाळ गोळा करून माडाच्या आळ्यात टाकलं. त्यात रसायन नव्हतं, त्यामुळे त्याचं खतच झालं.

उताराच्या बाजूला मातीचा छोटा बांध घातला, म्हणजे पाणी परसातच मुरेल. मग बादलीने साधं पाणी मारलं. पायऱ्यांवर चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं आणि लगेच घासलं. त्याने शेवाळ मरतं. मुलांना मात्र तेव्हा लांब ठेवा.

प्रेशर पंप आणलाच नाही. जांभा मऊ, सच्छिद्र दगड. जोराच्या फवाऱ्याने त्याचा पृष्ठभाग आणि सांध्यांतला चुना उखडतो.

जुन्या खिडक्यांचा ऑइलपेंट खरवडताना खाली प्लास्टिक अंथरलं. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं. ते पाण्यातही नको आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातातही नको. म्हणून तोंडाला मास्क लावला आणि रंग आधी ओला करून मग खरवडला.

शहरात राहत असाल तर पावसाळी गटाराकडे लक्ष द्या. ते पाणी अनेकदा कुठलीही प्रक्रिया न होता थेट नाल्यात किंवा तलावात जातं. साबण वापरावाच लागला तर गटाराचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद करा, पाणी पोछ्याने टिपून घ्या आणि बाथरूममध्ये ओता. आणि टॉयलेट धुण्याचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आमचं अर्ध्या दिवसाचं काम अडीच दिवस चाललं. भिंतीवर थोडे काळे डाग राहिले आणि मामा अजून त्याला अर्धवट काम म्हणतो. पण भिंतीवर झुकलेल्या फांद्या त्यानेच छाटल्या. ऊन-वारा लागला की शेवाळ मुळात कमी धरतं.

तुम्हीही या रविवारी एक सोपी गोष्ट करून बघा. साबण, पावडर काही आणण्याआधी भिंतीवर बादलीभर साधं पाणी ओता आणि त्याच्या मागे मागे चालत जा. ते जिथे पोचेल तिथे कोण कोण पाणी पितं, ते बघा. मग काय वापरायचं ते ठरवा.