दगडांना आंघोळ, तीही चेन्नईत!

फिशटँक घ्यायचा ठरलं की आपण सगळे आधी मासे बघायला जातो. चेन्नईत राहत असाल तर कोळत्तूरला जाल. या भागात कितीतरी कुटुंबं घराच्या गच्चीवर, सिमेंटच्या टाक्यांत रंगीत मासे वाढवतात. तमिळमध्ये त्यांना ‘वण्ण मीन’ म्हणतात. मीन! आपल्या राशीतलाच. पण आज मी तुम्हाला माशांबद्दल नाही, त्यांच्या खालच्या खडीबद्दल सांगणार आहे. कारण टँकमधल्या पाण्याचं बरंवाईट बरंचसं तिथेच ठरतं.

मला रंगवलेली निळी-गुलाबी खडी नको होती. (तुम्हाला आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त आधी दोन दिवस भिजवून रंग सुटत नाही ना ते बघा.) मी साधी, गोल, 3 ते 5 मिलिमीटरची नैसर्गिक खडी आणली. दोन फूट बाय एक फुटाच्या टँकमध्ये दोन इंचांचा थर द्यायला साधारण 15 किलो लागते.

घरी आणल्यावर लगेच धुवायला बसू नका, आधी तपासा. मूठभर खडी बशीत घेऊन वर व्हिनेगरचे थेंब टाका. एखाददुसरा बुडबुडा अडकलेल्या हवेचा असतो, तो सोडून द्या. पण दगड बारीक फसफसत राहिला तर त्यात चुना आहे. तो पाण्यात हळूहळू उतरतो, पाणी जड होतं आणि पीएच चढतो. गप्पी, मोली यांना असं पाणी मानवतं. निऑन टेट्राला नाही, त्याला मऊ पाणी हवं. बेसंत नगरच्या किनाऱ्यावरची फुकटची वाळू मी म्हणूनच आणली नाही. तिच्यात शिंपल्यांचा चुरा, म्हणजे परत चुनाच, आणि वर मीठ.

आता धुणं. कुठेही वाचा, ‘पाणी स्वच्छ दिसेपर्यंत नळाखाली धुवा’ असंच लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या नळाला चोवीस तास पाणी असावं! 2019 च्या जूनमध्ये चेन्नईला पाणी देणारे पुंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळपास कोरडे पडले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही त्या उन्हाळ्याचा विषय निघाला की लोक टँकरच्या वेळा सांगू लागतात. त्यात मी मूळची आटपाडीची. व्हिडिओ कॉलवर आईने बादल्या बघितल्या आणि म्हणाली, “माणसं टँकरच्या रांगेत, नि तू दगडांना आंघोळ घालतीस व्हय?”

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर तिनेच दिलं. टेंभूचं पाणी गावात यायच्या आधी ती भांडी जशी धुवायची, तशी खडी धू म्हणाली.

ती पद्धत अशी. तीन बादल्या, तिन्ही अर्ध्याच भरलेल्या. खडी तीन-तीन किलोच्या वाट्यांत घ्यायची. पहिल्या बादलीत खसखसून चोळायची, दुसरीत घोळवायची, तिसरीत विसळायची. पहिलीचा चिखल झाला की ते पाणी बाजूला. मग दुसरी बादली पहिली होते, तिसरी दुसरी होते, आणि ताजं पाणी फक्त तिसरीत येतं. माझी सगळी खडी आठ अर्ध्या बादल्यांत निघाली. गढूळ पाणी रात्रभर निवू दिलं, वरचं कुंड्यांना घातलं आणि खालचा गाळ मातीत मिसळला. तो बाथरूममध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

साबण, डिटर्जंट अजिबात नको. कितीही धुतलं तरी अंश राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना तो सोसत नाही. खडी कुठून आली याची खात्री नसेल तर पातेल्यात पाण्यासकट दहा-पंधरा मिनिटं उकळा आणि तशीच थंड होऊ द्या. कोरडी खडी ओव्हनमध्ये किंवा थेट गॅसवर तापवू नका. दगडात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. घरात मुलं असतील तर हे आधी लक्षात ठेवा.

पसरताना मागे थोडी उंच, पुढे उतरती. वर एक बशी ठेवून त्यावर पाणी सोडा, म्हणजे थर विस्कटत नाही. पाणी नितळ दिसलं तरी मासे लगेच आणायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीच्या दाण्यादाण्यावर वस्तीला यावे लागतात. त्याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यांना खायला थोडा अमोनिया लागतो, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहायचं. शेजारची सात वर्षांची मुलगी या काळात रोज येऊन रिकामा टँक बघायची आणि माझ्याकडे संशयाने पाहायची.

एकदा ही वस्ती झाली की खडी पुन्हा कधीही नळाच्या पाण्याने धुवायची नाही. त्यातल्या क्लोरिनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना टँकमधलंच पाणी नळीने ओढायचं, नळीचं तोंड खडीत खुपसून, म्हणजे घाण त्याबरोबर निघते. ते पिवळसर पाणी मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घालते. तो इतका माजलाय की शेजारच्या मामी आता फांद्या तोडून नेतात.